मंगळवारची जाळी

उरागामि-सानची रेंज मार्चअखेर बंद झाली.
हिरवी जाळी उतरवताना मजुरांना तिच्यात सापडले
एकतीस चेंडू, एक फाटका पतंग
आणि कपड्यांच्या हँगरांचं विणलेलं कावळ्याचं घरटं.
तिथे आता वृद्धाश्रम होणार.
"म्हणजे जागा ओळखीचीच राहील," बाई हसून म्हणाल्या.
मला हसू आलं नाही.
माझी मंगळवारची संध्याकाळ
सात नंबरच्या आयर्नसकट उघड्यावर पडली होती.

शाळेच्या स्वयंपाकघरात
चारशे वीस मुलांचा भात उपसून उपसून
माझा उजवा खांदा डाव्याचं ऐकेनासा झालाय.
चेंडू उजवीकडे जातो.
नवरा म्हणतो, या वयात हे काय खूळ.
त्याला टोमॅटोचं खूळ आहे, मी काही म्हणत नाही.

कोकुरा स्टेशनामागे तीन मजली रेंज आहे.
तिथे चेंडू जमिनीतून आपोआप उगवतो, वाकावं लागत नाही.
समोर पडदा : एकशे चार यार्ड. वेग. फिरकी.
आणि खाली लाल अक्षरांत, कंबर उशिरा वळली.
अठ्ठावन्न वर्षं ही कंबर
कुणाकुणासाठी वेळेवर वळली, ते पडद्याला कोण सांगणार?
पण खरी गोची चटईची.
चेंडूच्या मागे चार बोटं आपटलं
तरी काठी घसरत पुढे जाते, चेंडू ऐटीत उडतो.
माहेरच्या आत्यासारखी चटई,
सगळं पोटात घालते.
दीडशे चेंडू मारून मी खूश होऊन घरी आले
आणि रात्री झोप लागेना.

टेकडीवरची जागा चिझुरुने सुचवली.
खरं गवत, लांबवर डोंगर, चहा फुकट.
बँकेतून निवृत्त झालेले चार जण ओळीने उभे,
आणि चौघांनाही माझ्या कोपराविषयी मत.
"कोपर आत." "नाही हो, कोपर नाही, मान."
मी मान आत घेतली आणि घरी आले.

तिसरी जागा जागा म्हणावी अशी नाहीच.
नदीकाठी, कांदापातीच्या वाफ्यांना लागून
तोकिजो-सानने दोन बांबूंना मासेमारीची जुनी जाळी बांधलीय.
पैसे टाकायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
चटई नाही. दिवा नाही. पाऊस पडला की सुट्टी.
पहिल्याच फटक्याला मातीचं ढेकूळ
माझ्या चष्म्यावर येऊन बसलं,
चेंडू दोन हात सरपटला
आणि थांबला, माझ्याकडे बघत.
साठांतले चौदा उडाले.
मोजले, कारण उचलायचे मलाच होते.
वाकून, एकेक, बादलीत.
तेव्हा पहिल्यांदा कळलं, माझे चेंडू जातात कुठे ते.
आजवर दूर अंधारात पडायचे,
मग गाडी येऊन गोळा करून न्यायची.
इथे ते सगळे जाळीच्या उजव्या टोकाशी,
एकमेकांना चिकटून,
आणि सात पलीकडे, वाफ्यात.
पातीची तीन रोपं आडवी झालेली.
माफी मागितली. तोकिजो-सानने ती रोपं उपटली,
वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली.
बोलले काहीच नाहीत.
रात्री आमटीत घातली. नवऱ्याने विचारलं, कुठून आणलीस?
म्हटलं, मारून आणली.

मग मी कागद घेऊन बसले.
बसचं भाडं, शाळा सुटायची वेळ,
डिसेंबरात पाचलाच काळोख, तेव्हा काय?
बेरीज स्टेशनाच्या बाजूने होती.
दोनदा केली, तरी तिच्याच बाजूने.

पुढच्या मंगळवारी नुसतं बघायला म्हणून नदीवर गेले.
तोकिजो-सान पाठमोरे, वाफ्यात पाणी सोडत होते.
उजवीकडचा बांबू
दोन पावलं आणखी उजवीकडे रोवलेला,
बुडाशी माती अजून ओली.
जाळी कमी पडली म्हणून टोकाला
जोडलेला निळ्या दोरीचा नवा तुकडा.

डब्यात नाणं टाकलं. खणकन वाजलं,
तरी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

तसं अजून ठरवलेलं काहीच नाही.
बसचा पास तेवढा काढलाय, तीन महिन्यांचा.