मंगळवार, साडेसात

मनोऱ्याला त्रेचाळीस पायऱ्या.
हे आठवतं. आज मंगळवार आहे
हे मात्र हातावर लिहून आणलंय.

अठ्ठाविसाव्या पायरीवर थांबले.
खालून हेडली म्हणाला, सावकाश, टॅमसिन,
घंटा काही कुठे पळून जात नाहीत.
खरंच. डेव्हनच्या या ओल्या खेड्यात
तीनशे वर्षं त्या तिथेच आहेत.
मीच तेवढी चौदा महिने
कुठेतरी होते.

दुधाचा टँकर मला आठवत नाही.
सायकलचं पुढचं चाक बराच वेळ फिरत होतं म्हणे.
पेरन सांगतो, मी झुडपांच्या कुंपणापाशी पडलेली,
आणि कोणीतरी टोपी काढून म्हणालं,
गेली.

आता स्वयंपाकघरात चमचा पडला
तरी कवटीतून सुरी फिरते.
नळ, भाच्याचं हसणं, दुकानातला फ्रिज
सगळे एकदम बोलायला लागतात.
मग मी कोट घालते, घरी जायला निघते.
घरीच असले तरी.

दिसतेस मात्र छान, लोक म्हणतात.
दिसते.

माझी घंटा पाचवी.
तिचा दोर आता ब्रायनीच्या हातात,
वय सोळा, तोंडात च्युइंगम, ठोका एकही चुकत नाही.
मला पहिली दिली. सगळ्यांत हलकी, पोरासोरांची.
राग आला.
राग येणं चांगलं लक्षण, असं डॉक्टर म्हणतात.
त्याचाही आला.

हेडलीने वर बोट दाखवलं.
दुपारभर तो आणि पेरन घंटांच्या पोटात शिरून बसले होते.
सहाही लोलकांना जाड कातडं बांधलेलं,
एखाद्या मोठ्या मयताला बांधतात तसं.

सावध, तो म्हणाला.
इथली रीत अशी, की पहिलीवालीने आधी सांगायचं:
निघाली...
तळव्यांना दोरावरची लोकर आठवली,
खांद्यांना उंची.
मला कळायच्या आत हात वर गेले होते.
गेली!
मीच ओरडले. माझ्याच तोंडाने.

आणि आवाज आला, भिंतीपलीकडे कोणी
ओला गालिचा झोडपावा तसा.
दुखलं नाही.
दुखलं, पण थोडं.
चौथ्या फेरीत आकडे सांडले,
मग ब्रायनीचा जबडा पाहत राहिले,
च्युइंगमच्या तालावर ओढत.

खाली उतरलो तर चौकात माणसं उभी.
मुका नाद ऐकून जोसेलिनबाई
पिठाच्या हातांनीच धावत आलेल्या.
कोण गेलं?
कोणी नाही, पेरन म्हणाला. टॅमसिन आलीय.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातांकडे,
आणि ते माझ्या कोटाला पुसले.

पबात कोपऱ्यातलं टेबल, भिंतीकडे तोंड करून.
कोणीतरी गाणी बंद करायला सांगितलं होतं.
पिपिन, जरा मीठ दे,
मी हेडलीला म्हणाले.
टेबलाखालून कुत्रा उठला.
हेडलीही उठला.