फेस कशात धरायचा

सातवी ब. फळ्यावर नेजदार बाईंचं तिरकं अक्षर :
एका गवळ्याजवळ पंचेचाळीस लिटर मिश्रण आहे,
दूध आणि पाणी, सातास दोन.
आणखी किती पाणी घातलं
म्हणजे गुणोत्तर सातास तीन होईल?

प्रश्नचिन्ह पुरं व्हायच्या आत
सगळा वर्ग मागं वळून
माझ्याकडं बघायला लागला.
इंगवल्यांचा रणधीर म्हणाला,
"बाई, बसगोंडाला विचारा, त्याच्या घरचंच गणित हाय."

गंगावेशीत दूधकट्ट्यावर
रोज सांजंला आमच्या दोन म्हशी उभ्या असतात.
गिऱ्हाईक समोर, म्हैस समोर.
तालमीतनं आलेली पोरं, कानात अजून तांबडी माती,
ग्लास पुढं करतात,
आणि आप्पा उकिडवे बसून
थेट सडातनं धार सोडतात.
मधे तांब्या नाही, नळ नाही,
पाण्याला शिरायला जागाच नाही.

मी उठून म्हणालो, बाई,
आमचं गुणोत्तर सातास शून्य.
बाई हसल्या नाहीत. खडू थांबला.
"शून्याशी गुणोत्तर मांडता येत नाही.
छेदात शून्य चालत नाही.
खाली बस, आणि क्ष धर."

धरला.
पस्तीस भागिले दहा अधिक क्ष,
बरोबर सात भागिले तीन. तिरकस गुणलं.
सत्तर तिकडं गेले, चिन्ह बदलून,
सात पंचे पस्तीस.
पाच.
वर्गात सगळ्यात आधी माझं आलं,
त्यानं रणधीरला आणखीच जोर चढला.

गेल्या उन्हाळ्यात मोरणी आटली होती.
एकट्या चंद्रीचं दूध पुरंना,
तरी कट्ट्यावरचा ग्लास आप्पांनी
बोटभरसुद्धा उणा भरला नाही.
बादलीच्या तळाला राहील तेवढं घरी यायचं.
आई त्यात तांब्या उपडा करायची,
"घरचं हाय. घरच्याला कोण मापतंय?"
आम्ही तिघं भावंडं, वर म्हातारे आजोबा.
त्या चहाचा रंग मला पाठ होता
हा धडा शिकायच्या कितीतरी आधी.

म्हणजे पाणी होतं, बाई.
फक्त गिऱ्हाइकाच्या बाजूला नव्हतं.

ते उदाहरण कुणी घातलं नाही
म्हणून मी सोडवलंही नाही.

बाईंनी वहीत बरोबरची खूण केली,
पुढं लिटर लिहिलं नाही म्हणून
अर्धा मार्क कापला.
घंटा होता होता मी विचारलं,
बाई, फेस कशात धरायचा?
दुधात, का पाण्यात?
ग्लासावर चांगला चार बोटं चढतो,
पोरं तो आधी ओठानं ओढून घेतात
आणि म्हणतात, आप्पा, वर जरा भरा की.
आप्पा भरतात. पैसे तेवढेच.

बाईंनी पुस्तक मिटलं, खिडकीकडं बघितलं.
"फेस खाली बसू दे," म्हणाल्या, "मग मोज."

त्या सांजंला भरलेला ग्लास
डोळ्यासमोर धरून मी उभा राहिलो,
एकेक बुडबुडा फुटताना बघत,
मागनं गिऱ्हाईक ओरडेपर्यंत.