मागचे डोळे

फॉरेस्टवाल्यांनी यंदा तेंदूच्या हंगामाआधी मुखवटे वाटले.
प्लास्टिकचा चेहरा, काळी मिशी, टक्क उघडे डोळे.
रबरानं डोक्यामागं बांधायचा.
वाघ पाठीवरून येतो,
कुणी बघतंय असं वाटलं तर येत नाही म्हणे.

मैनाकाकूनं तो अंबाड्यावर चढवला.
"मिशीवाली झालो ना वं मी," म्हणाली,
आणि पहाटे चारच्या अंधारात चालू लागली.

मी तिच्या मागं.
सुट्टीवर आलेली, नर्सिंगचं दुसरं वर्ष.
तिचं तोंड पुढं होतं, जंगलाकडं,
आणि तो मेला माझ्याकडं बघत होता.
प्लास्टिक आहे, ठाऊक होतं.
तरी दोनदा पदर सारखा केला.

परीक्षेत प्रश्न होता: दृष्टीचं केंद्र कुठं?
लिहिलं होतं, कवटीच्या मागच्या भिंतीशी.
तीन मार्क मिळाले.
ते तीन मार्क आता माझ्या पुढं चालत होते,
नेमक्या त्याच जागी कुणीतरी डोळे रंगवले होते.

"काकू, आपण मागूनच पाहतो."
"कायचं?"
डोळे नुसते पानं तोडतात, मी म्हटलं,
मोजणी मागं, फळीवर.
डाव्या अंगाचा माल उजव्या गोदामात,
उजव्याचा डाव्यात.
तिथं हजारो मुन्शी बसलेले,
एकाला फक्त उभी रेघ कळते,
एकाला तिरपी,
एकाला सरकणारी कड, बाकी काही नाही.
अख्खा वाघ कुणाच्याच वहीत नसतो.

आणि प्रत्येक डोळ्यात एक भोक असतं,
तिथलं काहीच दिसत नाही,
पण मेंदू ते कळू देत नाही.
"म्हणजे आमच्यावानी," काकू म्हणाली,
"पुड्यात मधात एक फाटकं पान सरकवाचं
अन् सत्तर म्हणाचं."

मी एवढं सोपं करून वहीत लिहिलं नव्हतं.

मग बांबूपाशी ती थांबली.
हात आधी वर गेला,
श्वास नंतर अडकला.
समोर वाळलेलं गवत, उन्हाच्या पट्ट्या, सावलीच्या पट्ट्या,
उभ्या, तिरप्या,
त्यातली एखादी सरकली असेल
किंवा वारा.

किती वेळ गेला माहीत नाही.
मी गवताकडं पाहत होते,
मुखवटा माझ्याकडं,
आणि गवतातल्या कुणाच्या तरी डोक्यामागं
काकूच्या लुगड्याच्या रेघा
जुळत होत्या, किंवा नव्हत्या.

"चाल," ती म्हणाली.
"काय होतं?"
"होतं का नोहतं, थे त्यालेच इचार."

त्या दिवशी साठ पुडे भरले.
फळीवरच्या मुन्शीनं दोन बाद केले.

रात्री तिनं मुखवटा खिळ्याला टांगला,
तोंड कुडाकडं फिरवून.
"सारी रात पाह्यत राह्यते मेला,
झोप नाई लागत."