आधी डायफ्राम

कॉटन ग्रीनच्या गोदामात दोन फवारणी यंत्रं उभी होती.
एक नवंकोरं, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं.
दुसरं सात हंगाम खाऊन आलेलं,
डाव्या पंखाच्या सांध्यावर वेल्डिंगचा वळ.

शेठ बोलत होते तौफिकशी,
जो माझा ड्रायव्हर, वय एकवीस.
"भाऊ, टाकी हजार लिटरची, पंख बारा मीटरचे,
तूर छातीला लागली तरी पोटाखालून जाते."
तौफिक माझ्याकडं बघायचा,
मग मान हलवायचा.
तिसऱ्यांदा तसं झाल्यावर शेठनी
खुर्ची माझ्याकडं सरकवली.

मी बसले नाही.
जुन्याच्या टाकीत डोकं घातलं, पार खांद्यापर्यंत,
आणि श्वास घेतला.
तणनाशकाचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.
आधीच्या मालकानं टाकी धुतली नसेल
तर पुढच्याची कपाशी भेंडीसारखी चिरत जाते,
आणि तो माणूस कंपनीकडं जात नाही,
माझ्या ओट्यावर येऊन बसतो.
मागच्या साली मंचकराव शेळके बसले होते.
बोलले काहीच नाहीत.
खिशातून एक पान काढलं,
चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

टाकीत तो वास नव्हता.
धूळ होती, आणि एक वाळलेली पाल.

पाण्याचा नळ कुठंय, मी विचारलं.
वॉचमन पाईप ओढत आला. हिराजी तांडेल.
तीस वर्षं महापालिकेत डासांवर फवारणी केलेला,
शिवडी ते भायखळा गटारन् गटार नावानिशी ठाऊक.
कोब्यावर पाणी मारलं, आधी नव्यानं, मग जुन्यानं.
नव्याचं सारखं बसलं, परीटघडीसारखं.
जुन्याच्या ओल्या पट्ट्यात एक कोरडी रेघ.
"डावीकडून अकरावा," हिराजी म्हणाला,
वाकून न बघताच.
"पण नोझलचा दोष नाय बाई. पंख वाकलाय.
शंभर नोझल बदला, रेघ जायची नाय."

शेठ म्हणाले, मग नवंच घ्या की.

घ्यावंसं वाटतही होतं.
पण मानवतला मला कुणी कंपनी विचारत नाही.
फोन करतात, एवढंच विचारतात:
उद्या येताय ना?
वारा पडलेला असतो सकाळचे दोन तास.
त्या दोन तासांत पंपातला एक पडदा फाटला
की एकरी साडेतीनशेचा हिशेब तिथंच मिटला,
पुढचा फोन दुसऱ्या कुणाला तरी.

म्हणून दोन्ही पंपांचे नंबर
चहाच्या बिलामागं लिहून घेतले
आणि नागदेवी स्ट्रीटला गेले.
नव्याचा डायफ्राम मागितला.
पहिल्या दुकानात हसले.
दुसऱ्यात म्हणाले, मागवावा लागेल, चाळीस दिवस.
तिसऱ्यात म्हातारे ताहेरअली, चष्मा पुसत:
"चाळीस दिवस रोग थांबतो का तुमच्याकडं?"

जुन्याचा मागितला.
त्यांना शिडी लागली नाही.
खोका पायाशीच होता, त्यावर पाय टेकूनच ते बसले होते.
सातशे चाळीस.
दोन घेतले.

तौफिक म्हणाला, वहिनी, मशीन तर अजून घेतलंच नाही.
मी डायफ्राम पर्समध्ये टाकले,
चाव्यांच्या खाली.

परतलो तेव्हा कोबा वाळला होता,
रेघ कुठं होती तेही कळेना.
पण हिराजीनं तिथं खडूनं फुली मारून ठेवली होती,
आणि फुलीशेजारी, मोडक्या आकड्यांत,
दारूखान्यातल्या कुणा लोहाराचा नंबर.

आता मी खुर्चीवर बसले.
"शेठ," म्हटलं, "वाकलेल्या पंखाचे
किती कमी करताय ते आधी बोला."
शेठनी सवयीनं तौफिककडं बघितलं.
तो फुलीकडं बघत होता.