मुक्कामी गाडी

नाक्यावरच्या वनरक्षकानं रजिस्टर उघडलं.
वाहन क्रमांक? नाही.
इंधन? दोन भाकरी, लसणाचा ठेचा.
तो हसला नाही. रकान्यात ‘सायकल’ लिहून
आडवा बांबू त्यानं पूर्ण वर केला,
मी वाकून गेलो असतो तरी चाललं असतं.

अठ्ठावीस वर्षं ह्या रस्त्यावर
परतवाडा डेपोची मुक्कामी गाडी हाणली.
तेव्हा ह्या दरीत मला फक्त वळणं दिसायची.
एक्केचाळीस. पाढ्यासारखी पाठ,
आणि प्रत्येकाला एकेक शिवी ठरलेली.
नदी डावीकडे आहे एवढं ठाऊक होतं,
कारण डावीकडे पडायचं नव्हतं.

मग गाव उचलून खाली सपाटीवर नेलं.
गावामागोमाग गाडी बंद,
गाडीमागोमाग डांबर.
आता मधोमध गवताची शेंडी उगवली आहे
आणि तिच्या दोन बाजूंना दोन पायवाटा:
एक बसच्या डाव्या चाकांची, एक उजव्या.
मी उजवीवरून जातो. स्टेअरिंग तिकडे असायचं.

सायकल मुलाची. तो नोकरीला गेला,
ती जिन्याखाली चादर पांघरून राहिली.
सहापैकी तीन गिअर लागतात.
बसचंही काही वेगळं नव्हतं.
चढावर उतरतो, ढकलतो,
दम खाण्यासाठी चेन तपासल्यासारखं करतो,
बघायला एक वानर, तेही पाठमोरं.

उतार लागला की पाय थांबतात
आणि फ्रीव्हील बोलू लागतं.
तेवढाच आवाज. मग तोही सागाच्या पानांत बुडतो,
चाकाखाली अख्ख्या पंगतीचे पापड मोडत जातात.
सिपना म्हणजे कोरकूत साग.
इतकी वर्षं पाटीवर वाचलं,
कधी कोणाला विचारलं नाही.
फाल्गुनात डोहावर वाकून बघा,
पाणी थोडं आणि सागच जास्त.

थांबा अजून उभा आहे, छपराशिवाय.
आतल्या बाकावर मोहफुलं वाळत घातलेली,
शेजारी सोनकली दहीकर.
गाडीत नेहमी दाराजवळ बसायची,
कोंबडीचं तिकीट काढायला ठाम नकार.

“आज लेट झाली वो गाडी.”
“किती?”
तिनं बोटं मोजली. “नऊ सालं.”

नव्या गावाहून दोन दिवस चालत आली होती.
“घरं टरकात भरली बावा,
मोहाचं झाड कोन्त्या टरकात भरू?”
ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं,
कॅरिअर होतं.
ट्यूबच्या पट्टीनं टोपली आवळून बांधली,
ती मागून हात लावून, मी हँडल धरून,
नदीच्या उतारापर्यंत गेलो.
वाटेत तिनं सगळ्या जुन्या प्रवाशांची खबर दिली,
अर्धी मेलेली, अर्धी भांडणातली.

बस इथून उजवीकडे वळायची. आम्ही वळलो नाही.
पाणी पोटऱ्यांपर्यंत, गोटे शेवाळलेले,
सायकल म्हशीसारखी मध्येच अडली,
तिची चप्पल वाहत गेली, तिनं शिवी घातली,
माझ्या एक्केचाळिसांत ती शिवी नव्हती.

पल्याड टोपली डोक्यावर घेऊन
तिनं पदराची गाठ सोडली
आणि मूठभर मोहफुलं माझ्या ओंजळीत टाकली.
“सुट्टे नायी.”
आमचा वाहक असता तर भांडला असता.

ती पायवाटेनं चढून झाडांआड गेली.
मी घंटी वाजवली, दोनदा.
दोनदा वाजली की गाडी सुटते, असा नियम.
सुटली नाही. दगडावर एक पाय टेकून
मोह चघळत राहिलो, गोड,
मागून किंचित उग्र.

नदी उजवीकडे आली होती.
आणि ह्या बाजूचं
एकही वळण मला पाठ नव्हतं.