वळचणीकडून

कोल्हापुरातून गाडी सुटली तेव्हा
आम्ही सोळा जण होतो, आणि एकालाही
छपरावर चढता येत नव्हतं.
इचलकरंजीत घरांवर स्लॅब असतो,
स्लॅबवर टाकी, डिश, वाळत घातलेले पापड.
अठ्ठावीस तास बसलो आणि तिथून पुढं अर्जुनी.
हेरवाडे सरांनी डोकी मोजली, पुन्हा मोजली,
मे महिन्यात एवढ्या लांब येऊन
कोण पळून जाणार होतं?

चिचटोल्यात ऊन माणसांच्या आधी उठतं.
वानरांनी नाचून नाचून फोडलेली घरं
आमच्या नावावर वाटली होती.
आम्ही म्हणायचो कौल, गाव म्हणायचं कवेलू.
कुलदीपनं पहिल्याच दिवशी सत्तावीस फोडले,
वानरांपेक्षा दोन जास्त;
हा हिशोब गावातल्या पोट्ट्यांनी केला,
एकमेकांना टाळ्या देत.

माझ्या वाट्याला रायवंताबाई कोहपरेंचं घर.
ती आंबील द्यायची,
अंगणात उभी राहून वर बघायची
कपाळावर हात आडवा धरून,
आणि ओळ संपली की म्हणायची,
"साजरं झालं जी."

तिसऱ्या रात्री शाळेत झोप लागेना.
डास, आणि बिलालचं घोरणं.
चार वाजता बाहेर आलो.
बाया तेंदूच्या पानांना निघाल्या होत्या,
अंधारात नुसते आवाज.
त्यांत तिचा नव्हता.

ती वर होती.
लुगडं खोचून बसलेली,
माझी कालची ओळ एकेक करून उतरवत,
इतकी हळू, जशी झोपलेल्या पोराच्या
मुठीतून वाटी काढून घ्यावी.

आम्ही आढ्याकडून सुरुवात केली होती.
वळचणीकडून करायची असते.
खालच्यावर वरचा चढतो.
आमचा वरचा खालच्याच्या पोटात शिरलेला.
एवढंच. एवढ्यानं चूल बुडते.

"सांगायचं की, मावशी."
तिनं खाली पाहिलं नाही.
"इतक्या दुरून आले बाबू. तोंडावर कसं बोलाव?
पण पाण्याले तुमचं गाव माहीत नाही.
ते काही भीड ठेवत नाही."
मग थोड्या वेळानं, "चढ."

उजाडेपर्यंत एक ओळ. एकच.
माझ्या मनगटावर तिची बोटं, खापरासारखी,
चुकलं की दाबायची, बरोबर असलं की
नुसती तिथंच असायची.
त्या दिवसाची तिची पानं गेली.
एका सकाळची किती मजुरी, हे मला
परतीच्या गाडीत, बडनेऱ्याच्या पुढं कुठंतरी
विचारावंसं वाटलं.

बाकीच्या घरांवर पहाटे कोण चढत होतं?
मी सरांना काही बोललो नाही. अजून नाही.
निरोपाच्या दिवशी फळ्यावर लिहिलं
'दुरुस्त घरे : अकरा'.
अक्षर माझंच. दुसऱ्या एकाला खडू मोडला.

गेल्या सोमवारी फोन लागला.
"तुही ओळ? वानरानं फोडली."
मी गप्प.
"फुटली. पण गळली नव्हती."
मग बराच वेळ बोडीतल्या पाण्याचं,
यंदा पान कमी निघालं त्याचं,
नातवाच्या दाताचं.
ठेवताठेवता तिनं विचारलं,
तिकडं स्लॅबवर
वानरं येतात का.