एक वेढा कमी

मानेचा फोटो काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले,
मणके झिजलेत, संधिवात आहे.
किती वर्षं मान खाली घालून बसत होतात?
मी हिशेब केला नाही.
दिवसाला हजार विड्या, एवढंच सांगितलं.
त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला.
आत माझी मान अजून सुपाकडेच बघत होती.

डॉक्टरला मी दुखणं मराठीत सांगते.
रात्री दीडला ते नोप्पी होतं,
आईच्या तेलुगूत परत जातं,
डाव्या कानामागून निघतं आणि खांद्याच्या खुंटीवर
ओल्या सतरंजीसारखं लोंबत राहतं.

उशा झाल्या चार.
पहिली लग्नातली, सरकी राहिलेल्या कापसाची.
दोनदा पिंजून आणली,
तिसऱ्या महिन्याला तिच्यात परत दगड.
दुसरी जावयानं पुण्याहून आणली,
मध्ये खड्डा, कडेला उंचवटा,
खोक्यावर एक गोरी बाई हसत झोपलेली.
एप्रिलात सोलापुरात ती उशी तव्यासारखी तापते.
आता तिच्यावर मांजर झोपतं.
हसत नाही, पण झोपतं.
तिसरी शेवरीची, मऊ, इतकी मऊ
की डोकं बुडालं आणि मान काठावर राहिली.
चौथी नव्हतीच.
उशीच घेऊ नको की, समोरची अंबक्का चिलका म्हणाली.
नाही घेतली.
पहाटे डोकं उचलायला दोन्ही हात लागले,
भरलेली घागर उचलतात तसे.

नवरा शेजारी गाढ.
यंत्रमागावर छत्तीस वर्षं, कान तिथंच ठेवून आलाय.
मी कण्हले तर त्याला ऐकू जात नाही,
आणि खरं सांगू का,
म्हणून तर मी मनसोक्त कण्हते.

पण त्या रात्री तो उठून बसला.
"तुझ्या बाजूची गादी कधीची हलायलीय," म्हणाला, मोठ्यानं.
बहिऱ्याला वाटतं सगळेच बहिरे.
मागावर धागा तुटला तरी ह्याला
आवाजानं नाही, बोटाला कळायचं.

कपाटाच्या वरच्या खणातून त्यानं टॉवेल काढला,
कारखान्यानं सेकंड म्हणून बाजूला टाकलेला,
एका जागी बाण्याचे चार दोरे चुकलेले.
चूक ह्याचीच.
म्हणून कधी वापरला नाही, कुणाला दिलाही नाही.
गुंडाळायला लागला, ताग्यासारखा, ढोबळ.
"आण इकडं," म्हटलं.

बोटांची पेरं सुजलेली माझी,
अंगठी तीन वर्षांखाली सोनारानं कापून काढली,
पण वळणं बोटं विसरत नाहीत.
एका टोकाला घट्ट, दुसरीकडं जरा सैल,
कड आत दुमडून नखानं बंद.
दोरा बांधायचा तेवढा राहिला.
तो त्यानं बांधला, मागावरची गाठ,
डोळे मिटून.

मानेखाली घेतला. उंच झाला.
गाठ सोडली, एक वेढा कमी केला.
तरी उंच.
मग त्यानं चार बोटं माझ्या मानेखाली सरकवली,
पोकळी किती आहे बघायला.
लग्नाला एकेचाळीस वर्षं.
ब्लाउजचं माप शिंप्यानं घेतलं, बांगड्यांचं कासारानं.
मानेचं माप कुणी घेतलं नव्हतं.
"अजून अर्धा," तो म्हणाला.

दुखणं गेलं नाही. असं जात नसतंय ते.
पण कानामागून निघालेलं
खुंटीपर्यंत पोचलं नाही.
मध्येच कुठंतरी,
जिथं चार दोरे चुकलेत तिथं,
बसून राहिलं.

साडेचारला गल्लीत ओरड झाली, पाणी आलं, पाणी आलं.
पाच दिवसांनी आलं होतं.
मी ऐकलं
आणि त्याला कोपरानं ढोसलं.
तो पाइप ओढत गेला, मागं मांजर.
पिंपात पाणी पडल्याचा आवाज येत होता,
त्याला नाही, मला.
सुटलेला अर्धा वेढा चिमटीत धरून
मी पडून राहिले.